धातूचे कवच

वैशाख-ज्येष्ठात वऱ्हाडात वळवाचा पाऊस विजांसह येतो. वसुलीसाठी अमरावतीहून अकोल्यास निघालेल्या व्यापाऱ्याला अशा वेळी मूर्तिजापूरच्या आसपास आभाळाने गाठले, तर मोटारीतच बसावे की उतरून रस्त्याकडेच्या टिनाच्या शेडखाली उभे राहावे, असा प्रश्न पडतो. बंद मोटार सुरक्षित असते, हे पुष्कळांना ठाऊक असते. मात्र त्याचे श्रेय रबरी टायरांना दिले जाते. हा समज बरोबर नाही. जी वीज कित्येक किलोमीटर हवा भेदून खाली येते, तिला वीतभर रबर काय अडवणार? रक्षण करतो तो मोटारीचा पत्रा.

धातूतील पुष्कळ इलेक्ट्रॉन मुक्त असतात. बाहेरचे विद्युत्क्षेत्र त्यांना ढकलू लागताच ते सरकतात आणि त्यांच्या नव्या मांडणीने ते क्षेत्र निष्प्रभ होते. म्हणून उत्तम वाहकाच्या पृष्ठभागाला समांतर क्षेत्र उरत नाही. उरते ते लंबरूप, आणि तेही पृष्ठभागावर जमलेल्या विद्युत्प्रभारापाशीच संपते. सारा हिशेब उंबरठ्यावरच चुकता होतो, घरात काही येत नाही. १८३६ साली मायकेल फॅरेडे यांनी लंडनमध्ये १२ फुटी घनाकार खोली उभारून तिला धातूचा वर्ख लावला. बाहेरून यंत्राने तीव्र विद्युत्प्रभार दिला असतानाही, आत बसलेल्या फॅरेडे यांच्या उपकरणांवर कसलाही परिणाम दिसला नाही.

क्षणोक्षणी बदलणारा प्रवाह धातूत किंचित शिरतो. पण बदल जितका वेगवान, तितका तो उथळ राहतो. सेकंदाला ५० आवर्तनांची घरगुती वीज तांब्यात सुमारे ९ मिलिमीटर खोलीवर एक-तृतीयांशाच्या आसपास उरते. १० लाख आवर्तने असली, तर तीच खोली जेमतेम ०.०७ मिलिमीटर भरते. आकाशातील वीज अतिशय वेगाने बदलते. त्यामुळे तिचा प्रवाह पत्र्याच्या बाहेरच्या अंगाने वाहतो आणि जमिनीकडे झेपावतो.

मात्र कवच चहूबाजूंनी असावे लागते. उघड्या शेडचे टिन हे केवळ छप्पर होय. त्यावरून वीज खाली उभ्या असलेल्या माणसाकडे उडी घेऊ शकते. दुचाकी व उघडा ट्रॅक्टरही असेच निराधार. पत्र्याच्या टपाच्या मोटारीतही काचा बंद ठेवाव्यात, धातूच्या भागांना हात लावू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते.

वीज पडलेल्या व्यक्तीच्या अंगात विद्युत्प्रभार साठून राहत नाही. तिला तत्काळ हात लावून मदत करावी. आणि यार्डात कापूस वा सोयाबीन भिजत असले, तरी गडगडाट चालू असताना ताडपत्री ओढण्यास हमालांना पाठवू नये; त्यांनाही पक्क्या इमारतीत बोलावून घ्यावे. मालाचे नुकसान पुढच्या हंगामात भरून निघू शकते.