‘विल’ म्हणजे भविष्यकाळ नव्हे

इंग्रजी शिकवताना फळ्यावर एक समीकरण मांडले जाते : ‘शॅल’ किंवा ‘विल’ म्हणजे ‘-ईन’, ‘-ईल’. हे समीकरण दोन्ही भाषांवर अन्याय करणारे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा प्रत्ययच नाही. जॉन वॉलिसने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात ‘शॅल’ आणि ‘विल’ यांची पुरुषवार वाटणी केली आणि शालेय पुस्तके ती पुढे गिरवत राहिली. क्वर्क प्रभृतींचे १९८५चे व्याकरण आणि हडलस्टन-पुलम यांचे २००२चे व्याकरण, दोन्ही इंग्रजीत भविष्य हा स्वतंत्र काळ मानत नाहीत. बेत सांगताना इंग्रजी रूप निवडते ते ‘केव्हा’ यावरून नव्हे, तर बेत कुठवर आला आहे यावरून.

दारावरची घंटा वाजली, की ‘आय’ल गेट इट’. निर्णय त्याच क्षणाचा. संकल्प आधीच झाला असेल, तर ‘आय अ‍ॅम गोइंग टू अप्लाय’. दुसऱ्याशी वेळ ठरली असेल, तर ‘आय अ‍ॅम मीटिंग हिम अ‍ॅट फोर’. वेळापत्रकच बोलत असेल, तर ‘द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सेव्हन’.

आता मराठी पाहा. ‘थांब, मी बघतो.’ ‘अर्ज करणार आहे.’ ‘चारला त्यांना भेटतोय.’ ‘गाडी सातला सुटते.’ घंटा वाजल्यावर कोणी ‘बघीन’ म्हणाले, तर तो उठणार नाही हे घरातल्या लहान मुलालाही कळते. म्हणजे हा विवेक मराठी विद्यार्थ्याच्या कानात आधीपासूनच आहे. तरीही ‘मातृभाषा आड येते’ असे आपले काही सहकारी म्हणतात. आड येते ते फळ्यावरचे समीकरण!

रूपाला रूप जुळत नाही, हे मान्य. ‘मी बघतो’चे शब्दशः इंग्रजी केले, तर ते चुकेल. परंतु जुळवायचा आहे तो बेताशी बेत, प्रत्ययाशी प्रत्यय नव्हे.

हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट नाही. मुलाखतीत ‘पुढे काय करणार?’ असे विचारल्यावर मराठी माध्यमातला विद्यार्थी ‘आय विल डू पीएच.डी.’ म्हणतो. त्याने दोन वर्षे जोपासलेला संकल्प ऐकणाऱ्याला आत्ताच सुचल्यासारखा वाटू शकतो. दोष त्याच्या बुद्धीचा नसतो. किंमत मात्र त्याला मोजावी लागते.

म्हणून आमचा आग्रह आहे, की ‘करतो’, ‘करतोय’, ‘करणार आहे’, ‘करीन’ यांतला भेद आधी मराठीच्या तासाला उलगडावा. ही जबाबदारी इंग्रजी विभागावर ढकलून मराठीच्या अध्यापकांना मोकळे होता येणार नाही. स्वभाषेतले भेद ज्याला जाणीवपूर्वक ओळखता येतात, त्याला परभाषेतली निवड घोकावी लागत नाही.