धावपट्टीपासून मोजलेले अंतर

सोलापूरचा होटगी रस्त्यावरील विमानतळ आणि छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ यांच्यामध्ये नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे अडीचशे किलोमीटर भरते आणि वाटेत जवळजवळ धाराशिव जिल्ह्यातील वाशीच्या माथ्यावरून जाते. ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेग असलेले एटीआर जातीचे विमान एवढे अंतर अर्ध्या तासात तोडील, आणि चढ-उताराचा वेळ धरला तरी तासाच्या आतच उतरेल. परंतु उद्या अशी सेवा खरोखरच सुरू झाली, तरी वाशीकरांच्या वाट्याला त्या विमानाची सावली तेवढी येणार, हे उघड आहे.

सरकारच्या 'उडान' योजनेखाली 27 एप्रिल 2017 रोजी पहिली विमाने उडाली, त्यांत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. तासाभराच्या, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटरच्या उड्डाणास ठरावीक आसनांपुरते अडीच हजार रुपये भाडे, असा त्या योजनेचा मूळ हिशेब. हेतू स्तुत्य खराच. मात्र या हिशेबात उतारूच्या उंबरठ्यापासून धावपट्टीपर्यंतच्या वाटेसाठी रकानाच नाही.

विमानांच्या वाटेत अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली गेल्यानंतर, आणि बऱ्याच प्रतीक्षेअंती, सोलापूरहून जून 2025 मध्ये गोव्याचे व ऑक्टोबरमध्ये मुंबईचे विमान सुरू झाले. सोलापूर–मुंबई हे हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या थोडे वर, वेळ तासाभराचा. आता वाशीचा उतारू पाहा: येरमाळा, येडशी, धाराशिव, तुळजापूर अशी शंभरावर किलोमीटरची वाट तुडवून तो दोन-अडीच तासांनी सोलापुरात उतरणार, तेथून रिक्षा करून विमानतळ गाठणार, आणि सामानाच्या तपासणीसाठी निदान तासभर आधी हजर राहणार, म्हणजे एका तासाच्या उड्डाणापूर्वी त्याचे चार तास जमिनीवरच खर्ची पडले. मधली एक एसटी चुकली, तर विमानही चुकले.

ही व्यथा नवी नाही. बार्शी लाइट रेल्वे 1911 साली लातुरास पोचली, तीही धाराशिव हे जिल्ह्याचे ठाणे बाजूला ठेवून येडशीवरून गेली. आणि स्थानकापर्यंतची तजवीज ज्याची त्याने करावी, हा दंडक रयतेने तेव्हाच निमूटपणे पत्करला.

धाराशिवची धावपट्टी वाढवावी, ही मागणी जिल्ह्याच्या अभिमानाला साजेशी असली तरी मला ती पटत नाही. 2009 साली लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळ यांच्याबरोबर धाराशिवचाही विमानतळ 95 वर्षांच्या कराराने खासगी कंपनीच्या हवाली झाला, आणि सामान्य उतारूला तेथून नियमित विमान काही मिळाले नाही. लातूर व सोलापूर दोन्ही धाराशिवपासून फारसे दूर नसता तिसऱ्या धावपट्टीवर खजिना रिता करण्याऐवजी एसटी महामंडळाने भूम आगारातून वाशी, येरमाळा, धाराशिव, तुळजापूर या मार्गाने एक गाडी थेट होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या दारापर्यंत सोडावी, तिचे वेळापत्रक विमानाच्या वेळेशी बांधून घ्यावे, आणि विमान उशिरा आले तर परतीची गाडी थांबवून ठेवण्याचा अधिकार तेथील वाहतूक नियंत्रकास लेखी द्यावा. जिल्हाधिकारी व विभाग नियंत्रक यांनी एका बैठकीत निकालात काढावे, एवढेच हे काम आहे.