परत जाण्याची वेळ कोणी ठरवावी?

जयसिंगपुराहून आगगाडीने कोल्हापुरास जाताना रुकडी मागे पडली, पंचगंगेचा पूल ओलांडला, की वळिवडे हे लहानसे स्टेशन लागते. आमचे विद्यार्थी तेथे खिडकीबाहेर डोकावण्याचीही तसदी घेत नाहीत. परंतु १९४३ पासून १९४८ पर्यंत याच ठिकाणी सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती.

ही माणसे इतक्या दूर का आली, हे मुलांनी समजून घ्यावे. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने स्वारी केली. पुढील फेब्रुवारीपासून पूर्व भागातील असंख्य कुटुंबांना रात्री-अपरात्री उठवून मालगाडीत कोंडण्यात आले व सैबेरिया, कझाकस्तान अशा प्रदेशांत पाठविण्यात आले. थंडीने, उपासमारीने व रोगराईने कित्येक दगावले. १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा या लोकांची सुटका झाली. ते इराणात आले, तेथून कराचीस, आणि शेवटी आपल्या पंचगंगेकाठी.

येथे त्यांना नुसता निवारा मिळाला असे नाही. शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते, नाटकेही होत. कुटुंबागणिक खोल्या असल्यामुळे आई आपल्या मुलांना आपल्या हाताने रांधून वाढू शकत होती. हा शेवटचा तपशील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या बाईने दोन वर्षे दुसऱ्याने फेकलेल्या तुकड्यावर काढली, तिला स्वतःची चूल मिळणे म्हणजे काय, हे घरातील वडील मंडळींस सांगावयास नको.

परंतु आमच्या विषयाचे मर्म पुढेच आहे. १९४५ मध्ये युद्ध संपले. आता पाहुण्यांनी आपल्या घरी जावे, असे कोणीही सहज म्हणाले असते. पण घर होते कोठे? याल्टा येथील ठरावाने पूर्व पोलंडचा बहुतेक प्रदेश रशियाकडे गेला होता. ज्या सत्तेने त्यांना अंथरुणातून ओढून नेले, तीच आता त्यांच्या गावावर राज्य करीत होती. त्यांचे लंडनमधील सरकारही त्याच वर्षी ब्रिटनच्या मान्यतेस मुकले. लढाई थांबली होती, भय थांबले नव्हते. छावणी आणखी तीन वर्षे चालली. काही जण पोलंडास परतले. पुष्कळांना ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत जागा मिळाली, आणि मग ते गेले. एखादी मुलगी येथेच सून होऊन राहिली, तेवढाच अपवाद.

तात्पुरता आश्रय या शब्दाचा अर्थ आम्ही येथूनच शिकलो. ‘तात्पुरता’ याची मोजणी पंचांगाने करावयाची नसते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील पूरग्रस्त आपल्या गावात आश्रयास आले होते. त्यांच्या घरात कमरेएवढे पाणी असताना ‘आठ दिवस झाले, आता निघा’ असे आपण म्हटले असते काय? पाणी ओसरले, गाळ निघाला, तेव्हा ते आपण होऊन गेले. पुरात राहावयाची हौस कोणास नसते, तशी परमुलखात राहावयाचीही नसते.

अमेरिकेत १९९० च्या कायद्याने अशी एक सवलत आहे. ज्या देशात यादवी अथवा मोठी आपत्ती असेल, तेथील अमेरिकेत असलेल्या लोकांना सहा ते अठरा महिने राहण्याची व काम करण्याची परवानगी देता येते. पुढे ती वाढविणे न वाढविणे सरकारच्या हाती. नायजेरियाच्या लोकांसाठीही ती मागण्यात आली आहे. तेथील चिबोक गावच्या शाळेतून एप्रिल २०१४ मध्ये २७६ मुलींना बंडखोरांनी पळवून नेले, हे आमच्या विद्यार्थिनींनी लक्षात ठेवावे. अशा मुलखातील बापाला ‘मुदत संपली, मुलीला घेऊन परत जा’ असे सांगणारा कारकून कायद्याने बरोबर असेल. न्यायाने तो बरोबर आहे असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

यावर आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाही. यजमानाची ऐपत ती किती? ज्या १९४३ साली वळिवड्यास छावणी उभी राहिली, त्याच साली बंगालमध्ये आपलीच लाखो माणसे अन्नावाचून मेली. शिवाय पोलिश लोक दोस्त राष्ट्राचे होते. त्यांच्या खर्चाची सोय होती. ज्याच्यामागे कोणतेही सरकार उभे नाही, त्याला दार उघडणे अधिक कठीण. म्हणूनच हे काम एकेका दयाळू अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही व निर्वासितांसाठी आपला स्वतंत्र कायदाही नाही. कोणास किती दिवस ठेवावे, हे त्या त्या वेळी ठरते. हे आम्हांस उणे वाटते. भय खरोखर संपले आहे की नाही, याची चौकशी झाल्यावाचून कोणासही परत धाडू नये, एवढे तरी कायद्यात असावे.

वळिवड्याच्या त्या बराकी पोलिश लोक गेल्यावर फार काळ ओस पडल्या नाहीत. फाळणीने घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे तेथे आली. त्यांच्यापुढे परत जाण्याचा प्रश्नच उरला नव्हता. आज त्या वस्तीस गांधीनगर म्हणतात, आणि लग्नसराईत आमच्या विद्यार्थ्यांचे आईबाप बस्ता बांधावयास तेथेच जातात.