नकाशाचा डिफ म्हणजे गावाचा इतिहास नव्हे

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची एक लाडकी अंधश्रद्धा आहे: डिफ खोटं बोलत नाही. आधी काय होतं, नंतर काय झालं, कुणी केलं, कधी केलं, सगळं समोर. ओपनस्ट्रीटमॅपवरची संपादनं बघायलाही अशी टूल्स आहेत. 'ओएसएमचा' उघडा (मराठी षष्ठी वाटते, पण ते चेंजसेट तपासायचं टूल आहे) किंवा 'अचावी'. भर, बदल आणि खोडलेलं वेगवेगळ्या रंगांत दिसतं. टूल्स चांगली आहेत. माझं भांडण त्यांनाच इतिहास समजणाऱ्यांशी आहे.

धाराशिवचंच बघा. शहराच्या नामांतराला केंद्राची मान्यता फेब्रुवारी २०२३मध्ये आली, जिल्ह्या-तालुक्याची अधिसूचना सप्टेंबर २०२३मध्ये निघाली, ८ मे २०२४ला मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या. हे सगळं डिफमध्ये कसं दिसेल? एक शब्द गेला, एक आला. स्पेलिंगची चूक दुरुस्त केली तरी अगदी असंच दिसतं.

मग कुणीतरी म्हणतं, जुनं नाव पूर्ण काढा, डेटा स्वच्छ होईल. नामांतराच्या बाजूने असा वा विरोधात, हा युक्तिवाद फोल आहे. लोकांच्या मार्कशीटवर, जुन्या खरेदीखतांवर उस्मानाबादच आहे. नकाशात जुन्या नावासाठी वेगळा टॅग आहे. तो भरल्याने कुणाचाही पराभव होत नाही. "इतिहास व्हर्जनमध्ये आहेच की," हे उत्तरही पुरत नाही. नकाशात पत्ता शोधणारा माणूस आजचा डेटा शोधतो, व्हर्जन चाळत बसत नाही.

आता लोहारा-उमरग्याकडे चला. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर इथली कित्येक गावं जुनं गावठाण सोडून नव्या जागी वसली. ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला २००४मध्ये. म्हणजे तो भूकंप त्याच्या कुठल्याच व्हर्जनमध्ये नाही. उद्या कुणी गावाचा ठिपका नव्या जागी सरकवला, तर टूल सांगेल की गाव उद्या हललं. टूल संपादनाची तारीख दाखवतं, घटनेची नाही. आणि जुन्या गावठाणाचा ठिपका खोडला, तर ते फक्त लाल दिसेल. त्या लाल रंगाखाली घरं होती, माणसं होती, हे बेंगळुरूत बसून चेंजसेट तपासणाऱ्याला कळायचं कसं?

ते कळवणारी एकच जागा आहे: चेंजसेटची टिप्पणी. तिथे बहुतेक वेळा 'अपडेट' एवढंच लिहिलेलं असतं. ती जागा मराठी घेते. लिहा की, "१९९३च्या भूकंपानंतर पुनर्वसन, जुनं गावठाण इथे होतं." जुनी जागा खोडू नका, ओसाड म्हणून नोंदवा. रंग टूल देईल. कारण आपणच द्यायचं, कारण ते आपल्याकडेच आहे, आणि ज्यांना ते आठवतं त्यांची वयं वाढत चालली आहेत.