पंधरा मिनिटांची कसोटी

संगणक-प्रणाली घडविणाऱ्या १७ तज्ज्ञांनी फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात एकत्र येऊन 'अ‍ॅजाइल' कार्यपद्धतीचा जाहीरनामा तयार केला. ठरलेल्या आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे अधिक मोलाचे, हे त्यातील एक सूत्र. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये मांडलेली 'स्क्रम' ही पद्धत याच विचाराची आहे.

स्क्रममधील संघ लहान, साधारणतः १० किंवा त्याहून कमी जणांचा असतो. कोणते काम आधी हवे, हे 'प्रॉडक्ट ओनर' ठरवतो. एका टप्प्यात किती काम पेलवेल आणि ते कसे करावे, हे प्रत्यक्ष काम करणारे ठरवतात. 'स्क्रम मास्टर' अडथळे दूर होतील हे पाहतो. तो मुकादम नव्हे. 'स्प्रिंट' नावाचा हा टप्पा फार तर एक महिन्याचा असतो. त्या काळात रोज १५ मिनिटांची बैठक होते. शेवटी तयार काम दाखवले जाते आणि कामाच्या रीतीचाही आढावा घेतला जातो.

परंतु पुष्कळदा या रोजच्या बैठकीची नुसती हजेरी होऊन बसते. माणसे परस्परांशी बोलण्याऐवजी वरिष्ठांना हिशेब देऊ लागतात. ज्याला बोल लागण्याची भीती वाटते, तो अडचण लपवतो. आणि लपवलेली अडचण अखेरीस साऱ्या संघाला भोवते. म्हणूनच, माझ्या मते, पदांची नावे बदलल्याने कार्यपद्धती बदलत नाही. 'मला हे जमत नाही, मदत हवी,' असे निर्भयपणे म्हणता येते का, हीच तिची खरी कसोटी होय. ज्याच्या हातून काम व्हायचे, त्याच्या शब्दाला नियोजनात मान नसेल, तर ती १५ मिनिटेही व्यर्थच जातात.