उतार शाळेला, पायऱ्या घराला

 पावसाळा सरत आला की आमच्या राजूरला भिंतींचे पोपडे सुटू लागतात आणि मला आमच्या मागच्या दोन खोल्यांची आठवण होते. (आठवण कसली, खोल्या तिथंच आहेत! त्यात घडलं ते आठवतं.) लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण त्यात चूक माझीच आहे.

राजूर हे भंडारदऱ्याच्या वाटेवरचं गाव. अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातली माणसं शाळेसाठी, दवाखान्यासाठी, प्रकल्प कार्यालयातल्या कामांसाठी इथं येतात आणि खोली घेऊन राहतात. आम्हा घरवाल्यांना चार पैसे मिळतात. माझ्याकडे २०२१ च्या जूनमध्ये असंच एक कुटुंब आलं. वडील पिकअपवर ड्रायव्हर, आई, आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलीला सेरेब्रल पाल्सी. चालता येत नव्हतं, मान सावरायलाही वेळ लागायचा, पण बोलायची झकास. थोडं अडखळत, पण मला "गुरुजी, तुमचा चष्मा वाकडा आहे" असं पहिल्याच दिवशी तिने ऐकवलं.

आठ दिवसांनी तिचे वडील म्हणाले, "गुरुजी, ओट्याला एक फळी टाकू का? खुर्ची चढवायला बरी पडंल." मी म्हणालो, पावसात सडेल, शिवाय कोबा फुटेल, पुढं बघू. वर्गात मुलांना 'पुढं बघू' म्हणणारा मास्तर मला कधीच आवडला नाही. इथं मात्र मी तेच म्हणालो.

आषाढात एका रात्री आई तिला उचलून संडासकडे नेत होती. आमचा संडास बाहेर, तीन पायऱ्या उतरून, आणि पायऱ्यांवर शेवाळ. दोघी पडल्या. आईला खरचटलं, मुलीच्या मांडीचं हाड मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड कसं मोडतं, असं मी संगमनेरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, उभं राहून, चालून हाडाला बळ येतं. जी मुलं कधी पायावर उभीच राहिली नाहीत त्यांची हाडं नाजूक असतात. तुम्हा-आम्हाला जिथं फक्त खरचटतं, तिथं त्यांचं हाड मोडतं.

पुढचे दीड महिने प्लास्टर, तेही भर पावसाळ्यात. खाट भिंतीला टेकलेली आणि भिंतीला हात लावला की ओला व्हायचा. खोकला सुरू झाला तो थांबेना. गावातले डॉक्टर तपासायला आले. ते म्हणाले, अशा मुलांना गिळायला त्रास होतो, घास किंवा पाणी चुकून श्वासनलिकेत जातं, आणि जोराने खोकून कफ बाहेर टाकण्याची ताकद नसते. त्यात ओल, बुरशी आणि धूर असला की छाती भरते. मग इकडेतिकडे बघत त्यांनी विचारलं, "या खोलीत हवा येते कुठून?" मी गप्प. पश्चिमेची खिडकी मीच विटा लावून बुजवली होती, पाऊस आत येतो म्हणून.

तेव्हा मी टेप घेऊन घर मोजलं. उताराचं माप एकास बारा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. आमचा ओटा सत्तावीस इंच उंच. सरळ सत्तावीस फुटांचा उतार हवा, आणि समोरचा बोळ नऊ फुटांचा! बाथरूमचं दार वीस इंच, मुलीची खुर्ची बावीस. आमच्याकडची घरं मुद्दाम उंच ओट्याची, उंच उंबऱ्याची, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. शहाणपणच ते. पण ज्याला पाय उचलता येत नाही त्याच्या दृष्टीने आम्ही वेस बांधून ठेवली आहे.

शाळेला मात्र उतार आहे, कठडाही आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, दिव्यांग हक्कांचा २०१६ चा. त्यांनी शाळांकडे लक्ष दिलं हे खरंच चांगलं झालं. पण मूल शाळेत सहा तास असतं. उरलेले अठरा तास ते भाड्याच्या खोलीत असतं, आणि ती खोली कोणाचीच नसते. मालक म्हणतो, माझ्या घराला तोडफोड नको. भाडेकरू म्हणतो, दुसऱ्याच्या घरावर पैसे का घालू, अकरा महिन्यांनी उठायचंच आहे. सरकार म्हणतं, घर तुमच्या नावावर आहे का? घरकुल योजनांत दिव्यांगांना ५ टक्के आरक्षण २०१६ च्या कायद्यात आहे. पण ग्रामीण घरकुलाला स्वतःची जागा लागते. या कुटुंबाची जागा होती ती वरच्या वाडीवर, जिथून उपचारासाठी ते खाली आले होते!

आमचा भाचा वकील आहे, त्याने १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा वाचायला दिला. (तो नेमून दिलेल्या गावा-शहरांनाच लागू आहे.) मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर भाडेकरूला घर खाली करावं लागू शकतं. मात्र काही कामं 'कायमचं बांधकाम' धरायची नाहीत, त्यांची यादीच दिली आहे. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी खिडकी, फॉल्स सिलिंग, एअर कंडिशनर. यादीत एअर कंडिशनर आहे. उतार नाही आणि कठडाही नाही. दोन शब्द वाढवायला किती शाई लागेल? अपंगचं दिव्यांग झालं, २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र खातं आलं, चांगलंच आहे. पण उंबरा होता तेवढाच आहे.

त्या दिवाळीत मी गवंडी बोलावला. आमच्या मागच्या बाजूला जमीन चढाची आहे, तिथं फरक फक्त पाच इंचांचा. बुजवलेली खिडकी होती तिथंच दार काढलं, पाच फुटांचा उतार केला, संडास आत घेतला, दार मोठं केलं. पैसे गेले, पण खोलीत ऊन आलं. पुढच्या पावसात मुलीचा खोकला गेला नाही, पण रात्रभर चालायचा तो थांबला. मी काही मोठं केलं असं नाही. फळी टाकू दिली असती आणि शेवाळ खरवडलं असतं तर आषाढातच काम झालं असतं.

पण माझा उतार सिमेंटचा, घराला चिकटलेला. माझं मत असं की तो घराचा नसावा, मुलाचा असावा. ग्रामपंचायत आणि नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असा नियम आहे. त्यातून सुटा लोखंडी उतार, कमोडची खुर्ची, बोल्टने बसणारा कठडा मुलाच्या नावाने द्यावा. घर बदललं की सामानाबरोबर टेम्पोत चढवता येईल. मालकाची भिंतही शाबूत राहील. एका कार्यालयात हे बोललो तर "मास्तर, घराचा उतारा आणा" असं उत्तर आलं. सातबाराच्या राज्यात उतारा म्हणजे एकच!

पुण्या-नाशिकला फ्लॅट भाड्याने देणारे आपल्या नात्यात बरेच आहेत. त्यांनी एकदा बाथरूमच्या दाराची रुंदी आणि उंबऱ्याची उंची मोजून मला कळवावी.

या मे महिन्यात ते कुटुंब वडिलांच्या कामामुळे अकोल्याला गेलं. मुलगी आता तेरा वर्षांची, आईला उचलवत नाही. नव्या घराला दोन पायऱ्या, चौदा इंच. पुढं अंगण आहे, म्हणून सात-सात फुटांचे दोन तुकडे जोडायचे ठरवलं. बोल्टचं आहे, भिंतीला काही लागणार नाही म्हटल्यावर तिथले मालकही हो म्हणाले. माप देऊन पंधरा दिवस झाले. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, "दिवाळी होऊ द्या, गुरुजी." मी त्याच्याकडे रोज सकाळी एक चक्कर मारतो.