सज्ञान अपत्याची संमती

घटस्फोट आता मध्यमवर्गीय घरांना अपरिचित राहिलेला नाही. न्यायालय विवाह संपुष्टात आणते, मुलांचा ताबा ठरवते. परंतु अपत्य अठरा वर्षांचे झाले की ताब्याच्या हुकमाला अर्थ उरत नाही, याचे भान फारसे कोणाला नसते. वीस-बावीस वर्षांची मुलगी आजारी पडते आणि रुग्णालयाच्या दारात जुना खटला नव्याने उभा राहतो. आई म्हणते, वाढवले मी. वडील म्हणतात, खर्च मी करतो. दोघांनाही डॉक्टरांकडून सारे कळायला हवे असते आणि दुसऱ्याला काही कळू नये, असेही वाटत असते.

कायद्याची भूमिका निःसंदिग्ध आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार, न्यायालयाचा आदेश किंवा इतरांना गंभीर धोका असे मोजके अपवाद वगळता, डॉक्टरने रुग्णाचे गुपित उघड करायचे नसते. सज्ञान रुग्णाचे आईवडील या नियमाला अपवाद नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर प्रत्येक सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला आहे. तसा तो नेमलेला नसेल, तर कायदा केवळ ‘नातेवाईक’ म्हणतो; विभक्त आईवडिलांपैकी कोण, हे सांगत नाही. वादाला तोंड फुटते ते इथेच.

हे सारे पाश्चात्त्य व्यक्तिवादाचे खूळ असून त्यामुळे कुटुंबव्यवस्था खिळखिळी होईल, असा आक्षेप घेतला जातो. त्यामागील कळकळ खरी, पण निष्कर्ष चुकीचा. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, हा दंडक चरकसंहितेने वैद्याला घालून दिला आहे. मूल सोळा वर्षांचे झाले की त्याच्याशी मित्रासारखे वागावे, हे नीतिवचनही घरोघरी ठाऊक आहे. मित्राचे गुपित त्याच्या संमतीवाचून कोणी फोडत नाही.

ते फुटले की काय होते? मुलीच्या नैराश्याचे खापर एक पालक दुसऱ्याच्या माथी फोडतो. बातमी नातेवाइकांत फिरते, लग्नाच्या बोलणीपर्यंत जाते. मग मुलगी सांगणे थांबवते आणि प्रसंगी उपचारही. विम्याचा हप्ता भरणाऱ्याकडे दाव्याची कागदपत्रे जातात, हे खरे. पण हप्ता भरल्याने लेकीच्या दुखण्यावर मालकी येत नाही.

आईवडिलांचे कर्तव्य मात्र संपत नाही. मधुमेह, हृदयविकार, थॅलेसेमिया यांचा वारसा दोन्ही घराण्यांकडून येऊ शकतो. परस्परांशी अबोला असला, तरी आपापल्या घराण्यातील आजारांची माहिती प्रत्येकाने मुलांना आपणहून द्यावी. मुलांनीही प्रकृती धडधाकट असतानाच आपल्या आजाराविषयी कोणाला सांगायचे, हे लिहून ठेवावे.

कुटुंब टिकते ते विश्वासावर. त्या कागदावर ज्याचे नाव नसेल, त्या पालकाने तो आपला पराभव मानू नये. तो विश्वास पुन्हा मिळवण्यासाठी झटावे.